विश्लेषण : सहा किलोमीटरच्या चौकोनात ढग कसा पकडतात? पावसाच्या अंदाजामागील गणित काय?

गेल्या वर्षी, २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. ७५ वर्षांतील हे सर्वांत लवकरचे आगमन होते. योगायोगाने त्याच दिवशी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही नवी अंदाज प्रणाली कार्यान्वित झाली. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) विकसित केलेली ही प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकोनांवर चालते. आधीच्या प्रणालीत हे अंतर १२ किलोमीटर होते. अंदाज आता पंचायत पातळीवर देता येतील, असे तेव्हा सांगण्यात आले. पण चौकोन लहान झाला की अंदाज अचूक होतो का? त्याचे उत्तर ‘मल्टिस्केल’ म्हणजे बहुस्तरीय गणनेत आहे.

बहुस्तरीय समस्या म्हणजे काय?

ढगातील पाण्याचा थेंब साधारण १० ते २० मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान असतो. गडगडाटी ढग काही किलोमीटरचा, तर मोसमी वाऱ्यांचा पसारा हजारो किलोमीटरचा. यातील कोणताही स्तर दुसऱ्यावाचून चालत नाही. वाफेचा थेंब होताना उष्णता बाहेर पडते, ती हवा वर ढकलते आणि अशा असंख्य ढगांच्या एकत्रित उष्णतेवर मोसमी वारे पोसले जातात. उलट ढग कुठे जमणार, हे तेच वारे ठरवतात. ज्या प्रश्नात लहान आणि मोठे असे एकमेकांत गुंतलेले असतात, ती बहुस्तरीय समस्या.

मग थेटच गणित का करत नाहीत?

हवेच्या हालचालीची समीकरणे माहीत आहेत, पण ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून पृथ्वीवर काल्पनिक जाळी टाकून प्रत्येक चौकोनासाठी वारा, तापमान, दाब आणि बाष्प यांचे आकडे टप्प्याटप्प्याने पुढे नेले जातात. चौकोन लहान केला, तर वेळेचा टप्पाही लहान करावा लागतो. नाही तर आकडे भरकटतात. कूरां, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी ही अट १९२८ मध्ये मांडली.

आता हिशेब पाहा. चौकोन ६ ऐवजी १ किलोमीटरचा केला, तर त्यांची संख्या ३६ पट होते. वेळेचे टप्पे ६ पट, म्हणजे एकूण काम ढोबळमानाने २१६ पट. आज ज्या गणनेला ४ तास लागतात, तिला त्याच यंत्रावर ३६ दिवस लागतील. पुढच्या आठवड्याचा अंदाज महिन्यानंतर मिळणे म्हणजे वरातीमागून घोडे. आयआयटीएमच्या ‘अर्क’ या महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी इतकी आहे. तरीही त्याला थेंबापर्यंत पोहोचता येत नाही.

या गुंत्याचा पहिला फटका कोणाला बसला?

ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांना. २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन त्यांनी सहा तासांचा अंदाज हाताने गणला. उत्तर आले, हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल! प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. समीकरणे चुकली नव्हती. सुरुवातीच्या आकड्यांतील असंतुलनामुळे हवेतील वेगवान लहरी गणितात अवाच्या सवा फुगल्या आणि हवामानाचा खरा, संथ बदल त्यात बुडाला. रिचर्डसन यांनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात हे अपयशही छापले. पुढे १९५० मध्ये ज्यूल चार्नी आणि सहकाऱ्यांनी त्या वेगवान लहरी समीकरणांतूनच वगळल्या आणि ‘एनिअ‍ॅक’ संगणकावर पहिले यशस्वी अंदाज काढले. काय मोजायचे याइतकेच काय सोडायचे हेही महत्त्वाचे, हा त्यातला धडा.

चौकोनाच्या आतला ढग कसा मोजतात?

पहिला मार्ग ‘पॅरामीटरायझेशन’चा. चौकोनात बाष्प किती, हवा किती अस्थिर, यावरून आतील सर्व ढगांचा सरासरी परिणाम एका सूत्राने ठरवायचा. अकिओ अराकावा आणि वेन शूबर्ट यांनी १९७४ मध्ये मांडलेली पद्धत यातील मैलाचा दगड मानली जाते. दुसरा मार्ग शितावरून भाताची परीक्षा करण्याचा. प्रत्येक मोठ्या चौकोनात ढगांचे एक छोटे प्रारूप चालवायचे आणि त्याचे उत्तर मोठ्या प्रारूपाला द्यायचे. याला ‘सुपरपॅरामीटरायझेशन’ म्हणतात. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी मोसमी पावसासाठी त्याचे प्रयोग केले आहेत.

ही कल्पना हवामानापुरती नाही. प्रथिनाच्या रेणूत जिथे रासायनिक क्रिया घडते तेवढ्याच भागाला पुंज भौतिकी लावायची आणि उरलेल्या भागाला साधे नियम, या पद्धतीसाठी मार्टिन कारप्लस, मायकेल लेविट आणि एरिए वॉर्शेल यांना २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सहा किलोमीटर पुरेसे आहेत का?

सुधारणा मोठी आहे. सह्याद्रीचा चढ आणि घाटमाथा १२ किलोमीटरच्या जाळीत बोथट होतात, ६ किलोमीटरच्या जाळीत ते अधिक ठळक उमटतात. पण दोन अडचणी आहेत. एक, पाच-सहा चौकोनांपेक्षा लहान घडामोडी कोणत्याही प्रारूपात नीट उमटत नाहीत. म्हणजे ६ किलोमीटरच्या जाळीत खात्रीने दिसते ते सुमारे ३०-३५ किलोमीटरचे. दोन, १ ते १० किलोमीटरचा टप्पा शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘ग्रे झोन’ आहे. इथे ढग अर्धवट दिसतो, त्यामुळे सरासरीचे सूत्र पूर्ण लागू पडत नाही आणि ते काढूनही टाकता येत नाही.

याचे गांभीर्य २६ जुलै २००५ ला मुंबईने अनुभवले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०-२५ किलोमीटरवरील कुलाब्यात तो ७५ मिलिमीटरच्या आत राहिला. ‘मुंबईत अतिवृष्टी’ एवढ्या अंदाजाने दोन्ही ठिकाणांचे सत्य सांगता आले नसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न सुटेल?

काही अंशी. गूगलच्या ‘न्यूरलजीसीएम’मध्ये मोठ्या वाऱ्यांचे गणित जुन्याच पद्धतीने होते, पण चौकोनाच्या आतील सूत्राची जागा नोंदींवरून शिकलेले न्यूरल नेटवर्क घेते. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पाठवलेले मान्सून आगमनाचे अंदाज अशा प्रारूपांच्या आधारे होते. मात्र नोंदींत जे क्वचितच आढळते, म्हणजे २६ जुलैसारखा पाऊस, ते शिकणे अशा प्रारूपांना अवघड जाते.

वाचकाने काय लक्षात ठेवावे?

मोबाइलवर गावाच्या नावाने दिसणारा पावसाचा आकडा त्या शिवारात मोजलेला नसतो. तो चौकोनाच्या सरासरीवरून काढलेला असतो. त्यामुळे पेरणीसारखा महागडा निर्णय एका दिवसाच्या, एका गावाच्या आकड्यावर घेण्यापेक्षा जिल्ह्याचा पाच-सात दिवसांचा कल पाहणे शहाणपणाचे. मुसळधार पावसाच्या वेळी तर रडार आणि उपग्रहाच्या आधारे काही तास आधी दिला जाणारा तातडीचा इशाराच पाहावा. तिथे भाकीत कमी आणि आकाशात दिसणारा ढग जास्त असतो.