घरच्या भिंतीवर चित्रपट

ही गोष्ट १९१०-११ च्या सुमाराची. मुंबईस गिरगावातील एका चित्रगृहात धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या, चाळिशीच्या घरात आलेल्या एका गृहस्थांनी प्रभू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. ते इतके भारावून गेले, की लगोलग पत्नी सरस्वतीबाईंना बरोबर नेऊन त्यांनी तो पुन्हा पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. हा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांच्या वाचनात आला असेल. मला मात्र त्याच्या पुढचे, घराच्या चार भिंतींत घडलेले प्रकरण अधिक मोलाचे वाटते.

फाळक्यांनी एक लहानसे यंत्र, काही फिती आणि भिंगे पैदा केली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून फितीवर पाडून ते रात्री घरच्या भिंतीवर चित्रे पाहू लागले. हा उद्योग रोज चार-चार, पाच-पाच तास चाले. झोप उडाली, डोळ्यांवर अतोनात ताण पडला आणि काही काळ तर त्यांची दृष्टी जवळजवळ गेलीच होती. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी ती परत आली. पुढे विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये विलायतेस निघाले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन परतले. मग कुंडीत वाटाणा पेरून, महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ थोडी थोडी टिपून, त्यांनी मिनिटभराची एक चित्रफीत तयार केली. ‘अंकुराची वाढ’ हे तिचे नाव. निवडक मंडळींना ती दाखवल्यावर मोठ्या चित्रपटासाठी कर्ज देण्यास माणसे पुढे आली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लागला, तो या साऱ्या खटाटोपानंतर.

भिंतीवर चित्र पाडण्याची ही विद्या त्याहूनही जुनी आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६५९ मध्ये असा दीप तयार केला. आथानासियुस किर्खर या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत त्याचे चित्र छापले. (त्या चित्रात काच भिंगाच्या भलत्याच बाजूस आणि सुलटी दाखवली आहे. वास्तविक ती आत उलटी घालावी लागते, तेव्हा भिंतीवर सुलटे दिसते. विद्वानांच्या ग्रंथातही असे होते!) आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये हाताने रंगवलेल्या काचांच्या साह्याने ‘शांबरिक खरोलिका’ या नावाचे खेळ सुरू केले. शांबरिक म्हणजे मायावी. दिवा, चित्र, भिंग आणि अंधारी खोली या चार वस्तूंवाचून तेव्हाही चालत नव्हते, आजच्या प्रोजेक्टरलाही चालत नाही. यांपैकी पहिल्या तीन दुकानात मिळतात. चौथी घरीच तयार करावी लागते, आणि नेमका तिचाच ग्राहकांना विसर पडतो.

हे लिहिण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत बालाघाटच्या गावागावांतून हे यंत्र घरात येऊ लागले आहे. जेवणे आटोपली, की बाप ओसरीवर, मुलगा माडीवर आणि सून स्वयंपाकघरात, प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र मोबाइल, हे दृश्य आता कोणाला नवे नाही. एका भिंतीकडे सगळे घर मिळून पाहील, आजीलाही चष्म्याविना चित्र दिसेल, ही ओढ मला फार चांगली वाटते. पण चिन्नोर विकून हाती आलेले पैसे घेऊन माणूस बालाघाटच्या किंवा गोंदियाच्या बाजारात जातो, खोक्यावरचे आकडे पाहून भुलतो आणि घरी आल्यावर भिंतीवर धुरकट, फिकट सावल्या पाहून हिरमुसतो. असे यंत्र कपाटावर धूळ खात पडलेले मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. यंत्र बिघडलेले नसते. त्याच्या शक्तीचा आणि खोलीचा मेळ कोणी घातलेला नसतो, इतकेच.

प्रथम उजेडाचा आकडा. उजेड लुमेन या मापाने मोजतात. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर आठ हजार, दहा हजार लुमेन असे आकडे बेधडक छापलेले असतात, त्यांना काडीची किंमत देऊ नये. विचारायचे ते ‘अन्सी लुमेन’. या मापात पडद्याचे नऊ समान भाग करून प्रत्येकावर पडणारा उजेड मोजतात व त्यांची सरासरी धरतात. खोक्यावर हजारोंनी लुमेन सांगणाऱ्या स्वस्त यंत्राचे अन्सी लुमेन पुष्कळदा दोनशेच्या आसपासच असतात. दुकानदाराला हा आकडा सांगता येत नसेल, तर ते दुकान सोडावे. ‘फोर-के सपोर्ट’ या शब्दांचेही तसेच आहे. यंत्र तेवढे बारीक चित्र आत घेऊ शकते, बाहेर तेवढेच बारीक पाडील असे नव्हे. चित्र किती ठिपक्यांचे पडते हे ‘नेटिव्ह’ या शब्दापुढे लिहिलेले असते. तेथे १९२० × १०८० असावे. १२८० × ७२० असल्यास चित्र थोडे लहान ठेवावे, म्हणजे खपून जाते.

आता एक सोपा हिशेब. चित्रपटगृहाच्या पडद्यावर दर चौरस फुटास सुमारे १४ लुमेन उजेड असावा असा दंडक आहे. म्हणून यंत्राच्या अन्सी लुमेनांना १४ ने भागावे. जे उत्तर येईल तितक्या चौरस फुटांचे चित्र काळोखात उत्तम दिसेल. दोनशे लुमेनांचे यंत्र असेल तर उत्तर साधारण १४ चौरस फूट, म्हणजे पाच फूट रुंद आणि पावणेतीन फूट उंच चित्र. घरासाठी ते काही लहान नव्हे. तेच यंत्र मागे सरकवून दहा फूट रुंद चित्र काढू म्हटले, तर रुंदी दुप्पट झाली तरी उजेड चौपट पातळ होतो, कारण तो रुंदीत आणि उंचीत दोन्हीकडे पसरतो. पाचशे लुमेनांचे यंत्र सव्वासात फूट रुंदीपर्यंत सहज पुरते.

हा सगळा हिशेब काळोखातला आहे, आणि मुख्य मुद्दा येथेच आहे. कोणताही प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रातील काळे केस, रात्रीचे आकाश, डोळ्यांतील बाहुली यांच्या जागी यंत्र जवळजवळ काहीच टाकत नाही, तेथे आपल्याला दिसते ती नुसती अंधारी भिंत. खोलीत उजेड असेल तर भिंत अंधारी राहणार कशी? मग केस राखाडी होतात आणि आकाश धुपते. जास्त लुमेनांचे यंत्र आणल्याने पांढरे अधिक पांढरे होईल, पण काळे परत येणार नाही. म्हणून दहा हजार रुपये अधिक मोजण्याआधी दोनशे रुपयांचे जाड गडद कापड घेऊन खिडकी झाकावी. आपल्या कवेलूच्या घरांत दिवसा छपराच्या फटींतून कवडसे पडतात, तेथे दुपारचा नाद सोडावा हेच बरे. रात्रीही ओसरीवरचा दिवा मालवावा आणि देव्हाऱ्यावरील विजेची माळ घटकाभर बंद ठेवावी. त्याने काही बिघडत नाही.

अंतराचेही गणित आहे. प्रत्येक यंत्राच्या कागदावर ‘थ्रो रेशो’ म्हणून एक आकडा दिलेला असतो. त्याने चित्राच्या रुंदीस गुणले, की यंत्र भिंतीपासून किती दूर ठेवावे ते निघते. आकडा १.४ असेल आणि चित्र पाच फुटांचे हवे असेल, तर सात फूट. खोली दहा फुटांची असेल तर हे ठीक जमते. पण सात फूट रुंद चित्रास जवळजवळ दहा फूट लागतील आणि यंत्र मागच्या भिंतीस टेकेल, त्याचा गरम वारा बाहेर पडायला जागाच उरणार नाही. घरची खोली आधी टेपने मोजून तो कागद खिशात घालूनच बाजारात जावे.

भिंत पांढरी हवी, आणि पांढरी म्हणजे खरोखर पांढरी. आपल्याकडे चुन्यात नीळ घालण्याची रीत आहे. अशा भिंतीवर माणसांचे चेहरे निळसर, आजारी दिसतात. ऑइलपेंटची भिंत चकाकते, तीही चालत नाही. साधा पांढरा चुना किंवा बिनचकाकीचा रंग उत्तम. चादर लावायची असल्यास ती इस्त्री करून, वर आणि खाली बांबू घालून ताणावी व मागे काळे कापड लावावे, नाहीतर पलीकडचा उजेड चादरीतून येऊन चित्र फिके पडते. चित्राभोवती चार बोटे रुंद काळी पट्टी लावून पाहा, चित्र एकदम उठून दिसते.

यंत्र खाली ठेवून तोंड वर केले, की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होते. ते सुधारण्याची सोय यंत्रात असते. तीस ‘कीस्टोन’ म्हणतात. ती वापरली, की काही ठिपके फुकट जातात आणि चित्र मऊ पडते. त्यापेक्षा यंत्रच योग्य उंचीवर, भिंतीस अगदी समोरासमोर ठेवावे. छतास उलटे टांगल्यास चित्र फिरवण्याची आज्ञा यंत्राच्या यादीत असते. किर्खरांची अडचण एका बटणात सुटली आहे.

आवाजाकडे लोक लक्ष देत नाहीत. यंत्रातील लहान भोंगा आपल्या पाठीमागे वाजतो आणि बोलणारे माणूस समोर असते, हे कानाला खटकते. निराळा स्पीकर चित्राखाली ठेवावा व शक्यतो तारेने जोडावा, कारण ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा येऊन ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ शकते.

विजेचे म्हणाल तर कचेऱ्यांतून काढलेले जुने, पाऱ्याच्या दिव्याचे यंत्र स्वस्त मिळते आणि त्याचा उजेडही भरपूर असतो. पण तो दिवा साधारण तीन ते पाच हजार तासांत संपतो, नवा महाग पडतो, आणि वीज एकाएकी गेली तर पंखा थांबून तो तापलेलाच राहतो. जेथे वीज वरचेवर जाते तेथे एकतर इन्व्हर्टर हवा किंवा एलईडीचे यंत्र घ्यावे. ते थोड्या विजेवर चालते.

लहान मुलांना भिंगाच्या समोर उभे राहून आत डोकावू देऊ नये. फाळक्यांचे डोळे वाचले, तरी ती परीक्षा कोणी पुन्हा घेऊ नये. तास-दीड तासानंतर मध्ये थांबावे. दुसरे असे, की घरच्या मंडळींना चित्रपट दाखवणे निराळे आणि अंगणात सतरंजी अंथरून तिकीट लावणे निराळे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे सार्वजनिक खेळासाठी हक्कदाराची परवानगी लागते. उलट, मोबाइलवर स्वतः टिपलेली रोवणी, लेकीचे लग्न, दिवंगत आजोबांचे एखादे बोलणे यांस कोणाची परवानगी नको. माझ्या अनुभवाने घरातली माणसे सर्वांत शांतपणे पाहतात ती हीच चित्रे.

पावसाळ्याबद्दल सांगायचे राहिले. झडीच्या दिवसांत संध्याकाळी दिव्यावर झडणारे पाखरू चित्रक्षेपकालाही सोडत नाही. ते पंख्यातून आत शिरले, की भिंतीवर हाताएवढा डाग पडतो. दारास जाळी नसेल तर अशा रात्री खेळ लावू नये. आत वारा घेण्याच्या जागी जाळी असल्यास ती पंधरवड्यास मऊ कुंचल्याने झाडावी, भिंग कोरड्या मऊ फडक्यानेच पुसावे, पदराने किंवा तोंडाची वाफ देऊन नव्हे. खेळ संपल्यावर यंत्र पुरते निवू द्यावे आणि मगच पिशवीत घालावे. सादळू नये म्हणून पिशवीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवाव्यात. नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात त्या चालतात.