कपाटावरची सतार खाली कोण काढणार?

२०२५च्या फेब्रुवारीत केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२४च्या वेळवापर पाहणीचे आकडे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे मथळा एकच होता : घरातल्या बिनपगारी कामात बायकांची रोज २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. वजाबाकी करून पाहा. तेव्हाचं अंतर २०२ मिनिटांचं, आताचं २०१. मधल्या पाच वर्षांत एक आख्खी महासाथ येऊन गेली, किराणा घरपोच येऊ लागला, पुरुष घरून काम करू लागले आणि अंतर हललं ते एका मिनिटानं.

त्यावर लिहायचं ते लिहून झालं आहे. मी मात्र त्या तक्त्यांत दुसरंच काही शोधत होते. संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमं आणि खेळ असा एक खाना तिथं आहे. सहा वर्षांवरचा माणूस त्यात दिवसाला सरासरी १७१ मिनिटं घालवतो. टीव्ही त्यातच, मोबाइलवरचे व्हिडिओ त्यातच, आणि कुणी संध्याकाळी हौसेनं पेटी वाजवत असेल तर तीही त्यातच. पेटी, तबला, सतार, बासरी यांच्या वाट्याला यातली किती मिनिटं येतात ते तक्त्यावरून कळत नाही. पण आपल्या घरांतून फिरलं की कळतं. पलंगाखाली पेटी असते. माळ्यावर तबल्याची जोडी असते, शाई उडालेली. आणि कपाटावर, भिंतीकडे तोंड करून, सतार.

महाराष्ट्रात निदान दोन पिढ्यांनी लहानपणी वाद्य शिकलं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढं १९३१मध्ये त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभं केलं, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही परीक्षांची शिडी गावोगावच्या क्लासांत पोचली. एप्रिल-मेच्या सत्रासाठी दरवर्षी क्लासांतून तयारी चालते. त्या शिडीवर मध्यमापर्यंत चढून थांबलेली माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत. मुलगे बहुधा दहावीला थांबले, मुली लग्नाला. पुढं नोकरी, मुलं, कर्ज, मग आई-वडिलांचं आजारपण. २०२४च्या डिसेंबरात तबलावादक झाकीर हुसेन गेले, तेव्हा यांतल्या कितीतरी जणांनी माळ्यावरचा तबला खाली काढला. बहुतेकांचा तो परत वर गेला असणार.

दिवाळीच्या आवराआवरीत मावसबहिणीनं सतार काढली, तेव्हा मी तिथं होते. गवसणीची चेन गंजून घट्ट झाली होती, ती मेणबत्ती घासून उघडली. बाजाची तार काळी पडलेली. चिकारीच्या दोन्ही तारा तुटून खुंट्यांभोवती गुंडाळलेल्या. पडद्यांचा दोरा सैल पडल्यामुळे तीव्र मध्यमाचा पडदा घसरून पंचमाला टेकला होता. तार छेडायची मिजराब एका जुन्या फोटो-रोलच्या डबीत निघाली आणि ती तर्जनीच्या पेरापुढं सरकेना. बोट जाड झालं होतं. तिनं पक्कड घेऊन मिजराबीचे पाय थोडे फाकवले, जोड लावली, बाज त्यावर मिळवला आणि मांडी घातली. उजवा हात आपसूक चालायला लागला : दिर दा दिर दा रा दा दा रा. मसीतखानी, म्हणजे विलंबित, गतीचे बोल पंचवीस वर्षं कुठंही गेले नव्हते. डावा हात मात्र गेला होता. पंचमावरून धैवताची मींड ओढली की सूर निम्म्यात अडकायचा, आणि बोटाच्या टोकावर, जिथं पूर्वी घट्टा होता तिथं, लाल रेघ उठायची. ती म्हणाली, “ताई, कान जागेवर आहे गं, पण बोटं सासरी आली नाहीत.” तेवढ्यात सासूबाईंना व्यायाम द्यायला फिजिओथेरपिस्ट आले आणि ती उठली.

शिकलेला हात असा का जातो, याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर एका जुन्या अभ्यासात आहे. राल्फ क्रांपे आणि अँडर्स एरिक्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली पियानोवादकांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तरुण आणि साठीच्या आसपासचे, व्यावसायिक आणि हौशी, अशा वादकांची तुलना केली. पियानोशी संबंध नसलेल्या, सर्वसाधारण वेगाच्या चाचण्यांत वय झालेले व्यावसायिक वादकही वय झालेल्या हौशी वादकांइतकेच मंदावले होते. वय त्यांना चुकलं नव्हतं. पण पियानोशी संबंधित बोटांच्या कामात या ज्येष्ठ व्यावसायिकांची घसरण फारच कमी होती. आणि ती किती कमी, हे अवलंबून होतं उतारवयात चालू ठेवलेल्या रियाजावर. नुसती लहानपणी केलेली मेहनत पुरी पडत नव्हती.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे माणूस म्हणतो, “मी विशारद केलंय, हात कुठं जातोय!” हात जातो. उलट ज्याला पन्नाशीत वाटतं की आता काय उपयोग, त्याचंही चुकतं. हात टिकतो तो चालू रियाजावर.

एरिक्सनचं नाव लोकांना माहीत आहे ते दहा हजार तासांमुळे, आणि त्या आकड्यानं संसारी माणसाचं फार नुकसान केलं आहे. तो आकडा बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या विशी गाठलेल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून आला. ज्यांना मैफलींचं आयुष्य जगायचं होतं, त्यांचा तो हिशेब. चाळिशीतल्या बँक अधिकाऱ्यानं किंवा दोन मुलांच्या आईनं तो स्वतःला लावला की पहिल्याच दिवशी वाद्य परत गवसणीत जातं. त्याऐवजी आर्थर रुबिनश्टाइनकडे पाहावं. हे पियानोवादक ८९व्या वर्षापर्यंत जाहीर कार्यक्रम करत होते. ऐंशीच्या घरात असताना त्यांना विचारलं, हे जमतं कसं? त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी पाउल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं पुढं आपल्या सिद्धांतासाठी उचलल्या. ते कमी रचना वाजवत. त्या कमी रचनांचा रियाज जास्त करत. आणि द्रुत भागाच्या आधी लय जरा उतरवत, म्हणजे द्रुत भाग ऐकणाऱ्याला होता त्याहून द्रुत वाटे.

आपल्या संगीतात तर या युक्तीची सोय बांधणीतच आहे. आलाप आहे, विलंबित आहे, तबल्यात पेशकार आहे. तरीही वाद्याकडे परतलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? अठराव्या वर्षी जिथं सोडलं तिथून उचलायला जातो. झाला, रेला, द्रुत एकताल. मनगट दुखतं आणि आठवड्यात सगळं थांबतं. माझं स्पष्ट मत आहे की चाळिशीनंतर सतार हातात घेणाऱ्यानं पहिलं वर्षभर यमन आणि एक मसीतखानी गत यांच्या पलीकडे जाऊ नये. मुख्य तारांखालच्या तरफाही रोज लावत बसू नयेत. बाज, जोड, पंचम, चिकारी लावावी आणि वाजवायला लागावं, तरफा रविवारी. हे वाचून सतारीचे गुरुजी रागावतील. पण हाताशी अर्धा तास असेल आणि त्यातली वीस मिनिटं खुंट्या पिळण्यात गेली, तर तो माणूस उद्या बसणार नाही.

अर्ध्या तासाचंच बोलायचं तर वेळवापर पाहणीची रीत इथं उपयोगी पडते. पाहणीवाले पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस धरतात, त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस खाने करतात आणि खान्यात दहा मिनिटं किंवा जास्त चाललेलं काम नोंदवतात. आपला दिवस असा मांडून पाहिला की १७१ मिनिटं कुठं आहेत ते दिसतं. ती सलग नाहीत. ती भाजी चिरताना, बसमध्ये, मुलाचा अभ्यास घेताघेता, झोपेच्या कडेला पडलेली आहेत. मोबाइल अशा तुकड्यांत मावतो. वाद्य मावत नाही. त्याला बैठक लागते, सूर मिळवावा लागतो, आणि त्या वेळात कुणी हाक मारणार नाही याची खात्री लागते. ही खात्री घरात कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे २८९ आणि ८८ सांगतात. त्याच पाहणीत १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या कुणाची तरी देखभाल करतात आणि त्यात दिवसाची १४० मिनिटं देतात. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २१ टक्क्यांच्या थोडं वर, आणि वेळ ७४ मिनिटं.

उशिरा फुललेल्या कलावंतांचं बोलताना गायक वसंतराव देशपांड्यांची गोष्ट आपण नेहमी सांगतो. लष्कराच्या हिशेब कार्यालयात दोन दशकांहून जास्त कारकुनी केली, आणि १९६७मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं तेव्हा वय सत्तेचाळीस. हरिप्रसाद चौरसियांचीही सांगतो. मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओंत बासरी वाजवून उत्तम चाललेलं असताना ते अन्नपूर्णादेवींकडे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून शिकले, इतकं की बासरी धरण्याची बाजूही बदलली. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि मोठ्या आहेत. पण ज्यांच्याकडे हरिप्रसादजी शिकले, त्या अन्नपूर्णादेवी सुरबहारच्या विलक्षण वादक होत्या आणि संसार सुरू झाल्यावर काही वर्षांनी त्यांचं जाहीर वादन थांबलं. २०१८मध्ये त्या गेल्या, तोवर मुंबईतल्या घरात बसून शिकवत राहिल्या. त्यांच्या जाहीर वादनाचं ध्वनिमुद्रण जवळजवळ नाहीच. उशिरा फुललेल्या पुरुषाची गोष्ट सांगताना शेजारी ही गोष्टही ठेवली पाहिजे.

तरी बायका वाजवतात. कुठं, ते पाहायचं असेल तर दुपारी तीन वाजता कुठल्याही महिला भजनी मंडळात जा. डोंबिवलीच्या एका मंडळात मी बसले होते. देवळाचा सभामंडप, सतरंजी, दहा-बारा जणी, बहुतेक पन्नाशीपुढच्या. पेटीवाल्या बाई काळी दोन धरून होत्या आणि मधेच कुणाचा आवाज चढेना तेव्हा न थांबता काळी एकवर उतरल्या. ज्याला पेटी येते त्याला कळेल, हे सोपं नाही. तबल्यावरच्या काकूंनी लेकीचं लग्न उरकल्यावर तबला शिकायला घेतला. भजनी ठेका सरळ, स्वच्छ, समेवर न चुकता येणारा. शास्त्रीयवाल्यांना या मंडळांचं कौतुक नसतं, सूर आणि ताल यांवर ते नाक मुरडतात. मला वाटतं, हौशी वाद्यवादन महाराष्ट्रात आज कुणी जिवंत ठेवलं असेल तर ते या मंडळांनी, आणि त्यांच्याकडून क्लासवाल्यांनी शिकण्यासारखं आहे. त्यांचा वार ठरलेला असतो. तिथं कुणीतरी वाट बघत असतं. “बुधवारी आई नसते” हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, नातवाला शाळेतून कोण आणणार ते त्यानुसार ठरतं. पुण्यातल्या ढोलपथकांचंही हेच. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या बायका-पुरुष गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी नदीकाठी सरावाला जातात, कारण वेळ पथकानं ठरवलेली असते आणि आपण गेलो नाही तर रांगेत जागा रिकामी दिसते.

एकट्या सतारीमागं असं कुणी नसतं. म्हणून ती सुटते. चिकाटी कमी पडली असं त्या माणसाला वाटत राहतं, आणि ते मला बरोबर वाटत नाही.

संगीतानं मेंदू तल्लख राहतो, विसरभोळेपणा लांबणीवर पडतो, असे संदेश हल्ली फिरतात. त्यांवर मी विसंबणार नाही. ज्यांना वाद्य वाजवायला फुरसत मिळते, त्यांना शिक्षण, पैसा आणि डॉक्टरही मिळालेले असतात, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हे ठरवणं अवघड आहे. शिवाय औषध म्हणून सतार वाजवावी असं मला वाटतही नाही. मींड सुरावर पोचते तो क्षण पुरेसा आहे.

तेव्हा क्लास चालवणाऱ्यांना विनंती : मोठ्या माणसांना सातवीतल्या मुलांच्या तुकडीत बसवू नका, रात्री साडेआठची किंवा दुपारची वेगळी तुकडी काढा, आणि परीक्षा देणार का हे पहिल्या दिवशी विचारू नका. संगीत मंडळांनी महिन्यातून एक बैठक हौशी, संसारी वादकांसाठी ठेवावी, दहा-दहा मिनिटांची, तिकीट नाही, सत्कार नाही. सोसायट्यांनी रात्री साडेनऊपर्यंत तबला चालेल असं एकदा लिहून टाकावं. आणि ज्या घरात कपाटावर वाद्य आहे त्या घरातल्या बाकीच्यांना सांगणं एवढंच की प्रोत्साहन नको, अर्धा तास द्या. वार ठरवा, वेळ ठरवा, त्या वेळातली पोळ्यांची, औषधांची, गृहपाठाची जबाबदारी कुणाची तेही ठरवा आणि फ्रिजवर लिहून लावा. तारांचा नवा संच फार महाग नसतो, पडदे बांधून देणारा कारागीर जवळ नसेल तर मिरजेला सतार पाठवता येते. या रविवारी ती खाली काढा.