नियम कुठल्या तारखेचा?

विद्यापीठाचा कारभार एका पुस्तकावर चालत नाही. सर्वांत वर विधिमंडळाने केलेला अधिनियम असतो. त्याखाली अधिसभेने मंजूर केलेले आणि कुलपतींची संमती मिळालेले परिनियम, मग व्यवस्थापन परिषदेचे अध्यादेश, विनियम, कुलगुरूंचे निदेश आणि सगळ्यांत खाली रोजच्या रोज निघणारी परिपत्रके. शिवाय दिल्लीहून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिसूचना येतात आणि मंत्रालयातून शासन निर्णय. यातला वरचा एक थर हलला की खालचे सगळे पुन्हा तपासावे लागतात. हा मेळ घालून, आज कोणता नियम लागू आहे ते एका जागी सापडेल अशी नियमपुस्तिका तयार ठेवणे हे स्वतंत्र काम आहे. मात्र तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात त्यासाठी स्वतंत्र माणूस नसतो. प्रवेश, परीक्षा अर्ज, पगारपत्रके आणि शिष्यवृत्तीच्या गडबडीत मुख्य लिपिक किंवा एखादा वरिष्ठ लिपिक ते अंगावर घेतो.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेरहून हे काम वेगळे दिसते. सावदा, फैजपूर, भुसावळ करत जळगावला पोचायचे आणि तिथून पुढे बांभोरीजवळच्या विद्यापीठात जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो. चुकीच्या नियमावर भरलेला अर्ज परत आला तर विद्यार्थ्याचा किंवा त्याच्या बापाचा तो दिवस जातो, आणि केळीची कापणी चालू असेल तर मजुरीही. त्यामुळे विद्यापीठातल्या मूळ प्रतीइतकीच रावेरच्या खिडकीमागची प्रत बरोबर असावी लागते. प्रत्यक्षात विद्यार्थ्याची गाठ पडते ती याच प्रतीशी.

खानदेशातल्या महाविद्यालयांच्या कपाटांत या नियमांच्या पिढ्या एकावर एक बसलेल्या आहेत. १९९० पर्यंत इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्याचा अधिनियम वेगळा होता. १९९४ मध्ये राज्यातल्या अकृषी विद्यापीठांसाठी एकच महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम आला. १ मार्च २०१७ पासून त्याची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ याने घेतली. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. 'उमवि'चे 'कबचौउमवि' झाले, आणि लेटरहेड, गोल शिक्के, अर्जांचे नमुने, नियमांची शीर्षके असे सगळे बदलले. २०१८ आधी उत्तीर्ण झालेल्याच्या पदवीपत्रावर जुने नाव आहे, त्याच्या धाकट्या भावाच्या पदवीपत्रावर नवे. नोकरीच्या ठिकाणी दोन वेगळी विद्यापीठे समजली जाऊ नयेत म्हणून नामविस्ताराची अधिसूचना नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानांत ठेवणे शहाणपणाचे ठरते.

नवा कायदा आला म्हणून जुने नियम एका रात्रीत मरत नाहीत. २०१६ च्या अधिनियमाने जुन्या कायद्याखालचे परिनियम आणि अध्यादेश नव्या तरतुदींशी विसंगत नसतील तोवर चालू ठेवले. 'विसंगत नसतील तोवर' हे तीन शब्द कायदा लिहिणाऱ्याला सोपे जातात. त्यांचा अर्थ लावण्याचे ओझे खाली उतरते. जुन्या नियमात 'स्थानिक व्यवस्थापन समितीची मान्यता घ्यावी' असे असते. नव्या कायद्यात ती समितीच नाही, तिच्या जागी महाविद्यालय विकास समिती आहे. परीक्षा नियंत्रकांऐवजी परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आले. महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ संपले. जुने कलम वाचताना ही नावे मनातल्या मनात बदलत जावे लागते. अनुभवी लिपिकाला ते जमते; त्याच्या निवृत्तीनंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याला कुणी लिहून ठेवले असेल तरच जमते.

कामाची रीत साधी आहे. परिपत्रक येते, आता बहुतेक ईमेलने. त्याची प्रत निघते, आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, प्राचार्यांचा 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा होतो आणि कागद टेबलावर उतरतो.

कसब पुढे आहे. जाणता लिपिक मजकूर आधी वाचत नाही. तो तारीख पाहतो, मग 'संदर्भ' या शब्दाखालची यादी. शासन निर्णयाच्या वरच्या भागात आधीचे निर्णय क्रमांक-तारखांसह दिलेले असतात. त्यातला एखादा आपल्या संचिकेत नसेल तर साखळीतली कडी तुटलेली आहे, म्हणजे मधला एक बदल आपल्यापर्यंत पोचलाच नाही. तो आधी मिळवायचा. शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णयाला एक लांबलचक संकेतांक असतो, त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. तो आकडा प्रतीच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत उतरवून ठेवला तर चार वर्षांनीही निर्णय दोन मिनिटांत सापडतो. त्यानंतर शेवटचा परिच्छेद: नियम केव्हापासून लागू, कोणाला लागू, आणि आधीचे काय अधिक्रमित झाले.

इथे एक ओळ सर्वांत जास्त त्रास देते: 'यापूर्वीचे याबाबतचे सर्व आदेश अधिक्रमित करण्यात येत आहेत.' कोणते आदेश, ते नसते. वरच्या कार्यालयात एकाने यादी द्यायची टाळली की खाली प्रत्येक महाविद्यालयात एक माणूस जुनी संचिका उघडून तीच यादी नव्याने करत बसतो. प्रत्येकाची यादी थोडी वेगळी निघते, आणि मग शेजारशेजारच्या दोन गावांत एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळू लागतात. अधिक्रमित आदेशांची यादी देणे वरच्या कार्यालयाला बंधनकारक असायला हवे. तेवढ्या एका सवयीने खालच्या कित्येक टेबलांवरचा घोळ मिटेल.

यादी झाली की दुरुस्ती पानावर उतरते. छापील पुस्तक असेल तर कागदाची चिठ्ठी कापतात, तिच्यावर नवे शब्द, अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक लिहितात आणि जुन्या कलमाच्या समासाला ती एकाच कडेने डकवतात. पूर्ण चिकटवली तर खालचा जुना मजकूर झाकला जाईल. तो वाचता आला पाहिजे. एका कलमावर अशा तीन-तीन चिठ्ठ्या पाकळ्यांसारख्या बसलेल्या दिसतात आणि त्या एकेक उचलत गेले की त्या नियमाचा इतिहास उलट क्रमाने वाचता येतो. रावेरच्या उन्हाळ्याचा या चिठ्ठ्यांशी उभा दावा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, बाटलीतला डिंक कडक होतो. सेलोटेप लावली तर दोन-तीन उन्हाळ्यांत ती पिवळी पडून सुटते; चिठ्ठी गळून जाते आणि कागदावर तपकिरी डाग तेवढा उरतो. अशा डागापाशी बोट थांबते. इथे काहीतरी बदलले होते एवढे कळते. काय बदलले ते कळत नाही. पातळ खळीने डकवलेल्या जुन्या चिठ्ठ्या मात्र टिकून आहेत, आणि त्या पानांना अजून तिचा आंबूस वास येतो. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८४ ची प्रमाण संहिता हे अशा चिठ्ठ्यांनी फुगलेले पुस्तक. सेवेचा प्रश्न निघाला की आजही ते कपाटातून बाहेर येते.

दुरुस्ती म्हणजे जुने काढून नवे घालणे, असे बाहेरच्याला वाटते. विद्यापीठात तसे करता येत नाही, कारण जुन्या नियमांखाली प्रवेश घेतलेली माणसे अजून शिकत असतात. पीएच.डी.चे उदाहरण घ्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९, २०१६ आणि २०२२ असे तीनदा आले. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केली, पण आधी नोंदणी झालेल्यांना त्यांच्या नोंदणीच्या वेळचेच विनियम ठेवले. त्यामुळे एकाच मार्गदर्शकाच्या दोन विद्यार्थ्यांना दोन वेगळे नियम लागू असू शकतात.

पदवीच्या वर्गात ही गुंतागुंत आणखी दाट होते. वार्षिक परीक्षा गेल्या, सत्र पद्धत आली, श्रेयांक आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतल्या पदवीला २०२४-२५ पासून लागू झाली. दहा-बारा वर्षांपूर्वी एक विषय राहिला, मग घरची केळीची बाग, ट्रक, लग्न, मुले यांत पदवी मागे पडली, आणि आता नोकरीत बढती अडली म्हणून माणूस खिडकीशी उभा राहतो. त्याचा प्रश्न एकच असतो: माझा राहिलेला पेपर कोणत्या पॅटर्नने द्यायचा? जुना पेपर अजून निघतो का, नव्यातला कोणता विषय त्याला समकक्ष धरला आहे, त्यासाठी किती संधी ठेवल्या होत्या, मुदत वाढवणारे परिपत्रक निघाले होते का, हे सगळे जुन्या पानांत असते. ज्या कार्यालयाने 'अद्ययावत' करण्याच्या उत्साहात ती पाने रद्दीत दिली, तिथे त्याला 'विद्यापीठात जाऊन विचारा' एवढेच उत्तर मिळते. ज्या कार्यालयाने प्रत्येक कागदावर 'अमुक वर्षी प्रवेश घेतलेल्यांसाठी' अशी नोंद केली, तिथे तो माणूस अर्ध्या तासात अर्ज भरून बाहेर पडतो. ती नोंद करणाऱ्या लिपिकाचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही, तरी या माणसाची पदवी पूर्ण होण्यात त्याचा वाटा आहे.

शिळे पान केवळ गैरसोय करते असे नाही, ते हक्कही बुडवते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात शिक्षणसंस्थांतल्या राखीव जागा तीन टक्के होत्या आणि अपंगत्वाचे प्रकार सात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने उच्च शिक्षणातल्या जागा किमान पाच टक्के केल्या आणि प्रकार एकवीस केले. माहितीपुस्तिकेत जुना तक्ता राहिला तर आठव्या प्रकारापासूनच्या मुलाला आपण पात्र आहोत हेच कळणार नाही. तीच गोष्ट महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची. १९९७ च्या निकालावरून नेमलेली 'विशाखा समिती' अनेक ठिकाणच्या फलकांवर अजून आहे; २०१३ च्या कायद्याने तिची रचना आणि मुदती ठरवल्या, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. फलकावर ती मुदत नसेल तर नाव जुने की नवे याने मुलीला काही फरक पडत नाही.

उलट बाजूची चूकही होते: जे लागू झालेलेच नाही ते पुस्तिकेत घालणे. कुलगुरूंच्या निवडीची पद्धत बदलणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, वर्तमानपत्रांत मथळे आले. पण संमती मिळून ते कायद्यात उतरले नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळाली. गावात मात्र 'मुलींचे शिक्षण फुकट' एवढेच पोचले. बी.ए.च्या खिडकीवर आलेल्या आईला 'व्यावसायिक' या शब्दाची मर्यादा समजावणे लिपिकाच्या वाट्याला येते, आणि हातात मूळ निर्णयाची प्रत असेल तरच ते तिला पटते.

रावेरला आणखी एक थर आहे तो सीमेचा. बऱ्हाणपूर वीस-पंचवीस किलोमीटरवर, मध्य प्रदेशात. तिकडच्या मंडळाची बारावी झालेली मुले इकडे येतात. त्यांना स्थलांतर प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पात्रता लागते. तिकडचा जातीचा दाखला इथल्या राखीव जागेला किंवा राज्याच्या शिष्यवृत्तीला चालत नाही. पुणे-मुंबईच्या कार्यालयात वर्षाकाठी क्वचित उघडले जाणारे हे पान रावेरच्या प्रतीत कोपरे झिजेपर्यंत उलटले जाते.

हे सारे अद्ययावत ठेवण्याची सक्ती कायद्यातही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी दिल्या आहेत. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत त्या प्रसिद्ध करायच्या होत्या. कार्यालयांत 'सतरा मुद्दे' म्हटले की कोणती संचिका ते लगेच कळते. १७ पैकी पाचवा मुद्दा नियम, विनियम, सूचना आणि नियमपुस्तिकांचा. आणि दरवर्षी सुधारणा करण्याची अट १७ व्या मुद्द्याच्या शेपटाला जोडलेली आहे. बहुधा त्यामुळेच ती नजरेतून निसटते. अनेक ठिकाणी १७ मुद्द्यांच्या संचिकेत दरवर्षी पहिल्या पानावरचा दिनांक बदलतो आणि आतली पाने तशीच राहतात. तपासणीला येणारा १७ मथळे आहेत का ते मोजतो. पाचव्या मुद्द्याखालची यादी शेवटच्या परिपत्रकापर्यंत आली आहे का, हे क्वचित कुणी विचारतो.

पीडीएफमुळे डिंकाचा प्रश्न सुटला, तारखेचा सुटलेला नाही. संगणकावर 'नवीन नियम', 'नवीन नियम अंतिम', 'अंतिम सुधारित' अशा नावांच्या फायली शेजारी-शेजारी असतात आणि त्यात लागू कोणती हे ती तयार करणाऱ्यालाच ठाऊक असते. परिपत्रक व्हॉट्सॲपवर आधी पोचते, कधी पहिलेच पान पोचते. कागदाची शिस्त इथेही चालते: फाइलीच्या नावात आधी दिनांक, मग विषय, मग कोणत्या वर्षीच्या प्रवेशाला लागू, आणि बाजूला एक साधा तक्ता, ज्यात कोणत्या आदेशाने कोणता आदेश बदलला ते नोंदलेले असेल.

शेवटी जुन्या कागदांची विल्हेवाट. शासकीय अभिलेखांच्या वर्गवारीत 'अ' वर्ग कायम ठेवायचा आणि 'ड' वर्ग वर्षभराने नष्ट करायचा असतो. सहा गठ्ठे पद्धतीत स्थायी आदेशांचा गठ्ठा वेगळा काढलेला आहे, तो याच कामासाठी. बैठकीची सूचना, स्मरणपत्र, मुदतवाढ संपलेले वेळापत्रक 'ड' मध्ये जाते. अधिक्रमित झालेला नियम मात्र 'ड' नव्हे. त्यावर तांबड्या शाईने तिरके 'अधिक्रमित' लिहून, ज्याने तो बदलला त्या आदेशाचा क्रमांक आणि दिनांक खाली टाकून तो स्थायी आदेशांतच मागे लावायचा असतो, आणि त्याखाली प्रवेश घेतलेला शेवटचा विद्यार्थी बाहेर पडल्यानंतरही तो तिथेच ठेवायचा असतो. प्रमाणपत्राची पडताळणी केव्हाही येऊ शकते.