मृच्छकटिक

शूद्रककृत दहा अंकी संस्कृत नाटक. नाट्यशास्त्रीय वर्गीकरणानुसार ते ‘प्रकरण’ या रूपकप्रकारात मोडते. प्रकरणाचे कथानक पुराणेतिहासातून घेतलेले नसून कविकल्पित असते आणि त्याचा नायक राजा नसून ब्राह्मण, अमात्य किंवा वणिक असतो. शूद्रक राजाने शंभर वर्षे व दहा दिवस आयुष्य भोगून अग्निप्रवेश केला, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. स्वतःच्या मृत्यूचे वृत्त कवीने स्वतः लिहिणे शक्य नसल्याने निदान तेवढा भाग तरी उत्तरकालीन मानावा लागतो. कर्ता व काल यांविषयी विद्वानांत एकमत नाही. वामनाने (आठवे शतक) शूद्रकाच्या रचनांचा उल्लेख केला आहे. भासाच्या नावावर असलेल्या चारुदत्त या चार अंकी नाटकाशी या नाटकाच्या पहिल्या चार अंकांचे निकटचे साम्य आहे.

नाटकाचे स्थळ उज्जयिनी. औदार्यामुळे निर्धन झालेला ब्राह्मण सार्थवाह चारुदत्त व गणिका वसंतसेना यांची प्रेमकथा हा त्याचा विषय. तिला जोडूनच पालक राजाला पदच्युत करणाऱ्या आर्यक या गोपाळपुत्राच्या उठावाचे उपकथानक येते. कथानक सर्वपरिचित असल्याने येथे त्याच्या आशयाचा, पात्रांचा व प्रतीकांचा विचार मुख्यतः केला आहे.

मृच्छकटिक म्हणजे मातीचा लहान गाडा. ज्या प्रसंगावरून नाटकाला हे नाव मिळाले, तो सहाव्या अंकाच्या आरंभी येतो व थोडक्यात आटोपतो. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाड्यासाठी हट्ट धरतो. रदनिका दासीने करून दिलेला मातीचा गाडा त्याला नको असतो. ही तुझी आईच आहे, असे रदनिका वसंतसेनेकडे बोट दाखवून सांगते, तेव्हा आपली आई एवढी अलंकृत कशी असेल, अशी शंका तो बोलून दाखवतो. त्यावर वसंतसेना रडत अंगावरील दागिने उतरवून मातीच्या गाड्यात भरते. सोने आणि माती, म्हणजे वैभव आणि दारिद्र्य, यांचा विरोध या प्रसंगात आहे, हे टीकाकारांनी पुष्कळदा सांगितले आहे. तथापि केवळ तेवढ्याने नावाचा उलगडा होत नाही. वात्सल्यापोटी दिलेले हेच दागिने नवव्या अंकात चारुदत्ताच्या गळ्याशी येतात. ते परत करण्यासाठी निघालेला मैत्रेय न्यायसभेत शकाराशी भांडू लागतो आणि त्याच्या कुशीतून दागिने खाली पडतात. वसंतसेनेची आई मुलीच्या प्रियकराला वाचवण्यासाठी ते ओळखण्याचे टाळते. चारुदत्त मात्र ते तिचेच असल्याचे स्वतः कबूल करतो. दानाची खूण अशा रीतीने खुनाचा पुरावा ठरते. प्रतीक येथे कथेवर वरून चिकटवलेले नाही; कथेची कळच त्याच्यात आहे.

दागिन्यांचा प्रवास पहिल्या अंकापासून पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. शकारापासून सुटण्यासाठी चारुदत्ताच्या घरात शिरलेली वसंतसेना आपले अलंकार ठेव म्हणून तेथे ठेवते. तिसऱ्या अंकात शर्विलक भिंतीला पूर्णकुंभाच्या आकाराचे भगदाड पाडून ते चोरतो आणि आपली प्रेयसी मदनिका हिला दास्यातून सोडवण्यासाठी ते पुन्हा वसंतसेनेकडेच घेऊन येतो. ठेवीची भरपाई म्हणून चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नावली व्रताच्या दानाचे निमित्त करून मैत्रेयाच्या हाती देते. संवाहकाचे द्यूतातील कर्जही वसंतसेनेच्या कंकणानेच फिटते. या सर्वांच्या हातून सोने कोणाची तरी सुटका करते किंवा अब्रू राखते. शकाराच्या हाती मात्र त्याची लाच होते. दहाव्या अंकात तो आपल्याच दासाला, स्थावरकाला, गप्प बसण्यासाठी कडे देऊ करतो. स्थावरकाने ते उघड करताच हेच चोरलेले सोने असा आरोप तो त्याच्यावर करतो. दासाची साक्ष कोणी मानत नाही. या नाटकातील सामाजिक निरीक्षण येथे सर्वांत तीक्ष्ण झाले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

यज्ञोपवीताचा उपयोगही असाच दुहेरी आहे. शर्विलक भगदाड मोजताना जानव्याचा दोरीसारखा वापर करतो. वधस्थानाकडे नेला जाणारा चारुदत्त मुलाला देण्यासारखे दुसरे काही नाही म्हणून तेच देतो. पहिल्या प्रसंगी हसू येते, दुसऱ्या प्रसंगी ते आठवून अवघडल्यासारखे होते.

सहाव्या अंकातील गाड्यांच्या अदलाबदलीमुळे (प्रवहणविपर्यय) नियती हाच नाटकाचा विषय आहे, असे मत मांडले जाते. रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे माणसे वरखाली होतात, असे चारुदत्तही अखेरीस म्हणतो. परंतु हे मत पूर्णपणे स्वीकारता येत नाही. वसंतसेना शकाराच्या गाडीत चढते हा योगायोग खरा. पण तिला ठार मारण्यास विट व स्थावरक दोघेही नकार देतात, हा योगायोग नव्हे. बेशुद्ध वसंतसेनेला सावध करणारा भिक्षू म्हणजे तिनेच कर्जमुक्त केलेला संवाहक. आर्यकाला आपल्या गाडीतून पुढे जाऊ देण्याचा निर्णय चारुदत्त स्वतः घेतो आणि पुढे त्याच आर्यकाच्या राज्यात त्याला जीवदान व मान मिळतो.

पात्रांपैकी शकार हा राजाचा मेहुणा. पुराणकथांची नावे तो हमखास चुकीची जोडतो व ‘स’ऐवजी ‘श’ उच्चारतो. तरीही केवळ हास्यास्पद पात्र म्हणून त्याच्याकडे पाहणे चुकीचे होय. राजाला सांगून काढून टाकवीन, अशी धमकी तो न्यायाधीशाला देतो आणि न्यायाधीश खटला चालवण्यास तयार होतो. हसू व भीती यांचे हे मिश्रण संस्कृत नाटकात विरळा. चारुदत्त उदात्त असला, तरी बराचसा निष्क्रिय आहे. न्यायसभेतील त्याचे मौन वाचकाला खटकते. नाटकाची खरी चालना वसंतसेनेकडून मिळते. चौथ्या अंकात ती मदनिकेला मुक्त करते व मदनिकेला ‘वधू’ हे पद लाभते. दहाव्या अंकात शर्विलकाच्याच तोंडून नव्या राजाने वसंतसेनेला तेच पद दिल्याची घोषणा होते. मात्र त्याच घरात धूता आहे. वसंतसेनेने परत पाठवलेली रत्नावली ती स्वीकारत नाही. तिच्या वाट्याला संवाद थोडे आले आहेत आणि अखेरच्या अंकातील तिचा अग्निप्रवेशाचा प्रसंग प्रक्षिप्त मानला जातो. तिच्या दुःखाला नाटककाराने पुरता न्याय दिलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पात्रांच्या दर्जानुसार शौरसेनी, मागधी, शाकारी, चांडाली इ. प्राकृतांची योजना हे नाटकाचे आणखी एक वैशिष्ट्य. पृथ्वीधर या टीकाकाराने तिची चर्चा केली आहे. एवढ्या प्राकृतांचा उपयोग अन्य संस्कृत नाटकांत आढळत नाही.

होरेस हेमन विल्सन यांचे इंग्रजी भाषांतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅरिसमध्ये १८५० साली नाटकाचे फ्रेंच रूपांतर रंगभूमीवर आले. ते जेरार द नेर्व्हाल व झोझेफ मेरी यांनी केले होते. मराठीत परशुरामतात्या गोडबोले (१७९९–१८७४) यांनी त्याचे भाषांतर केले. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांच्या संगीत मृच्छकटिकाने ते मराठी रंगभूमीवर रुजवले. बालगंधर्वांची वसंतसेना विशेष गाजली. हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये छत्तीसगढी कलावंतांसह मिट्टी की गाडी हा प्रयोग सादर केला. गिरीश कार्नाड यांचा उत्सव (१९८४) हा हिंदी चित्रपट या कथेवर आधारलेला आहे.