दाताच्या मुळाशी उरलेल्या पेशी



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी शाळेच्या संचालकांचा ऋणी आहे. दंतवैद्य या नात्याने मी निवडलेला विषय डोळ्यांना न दिसणारा आहे व त्यावरील बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. तरी तो मराठीत मांडता येतो, असा माझा विश्वास आहे.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात बसविलेला असतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः निरोगी दाताचे मूळ हाडाला चिकटलेले नसते. दोहोंमध्ये सुमारे पाव मिलिमीटर रुंदीची फट असते आणि तीत बळकट तंतू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू व नाना प्रकारच्या पेशी असतात. या भागाला आपण परिदंत बंध म्हणू. दात या तंतूंवर झोळीसारखा तोललेला असतो. भातातला बारीकसा खडा दाताखाली येताच कळतो, तोही मुख्यत्वे येथील मज्जातंतूंमुळेच.

आता पेशींकडे वळू. त्वचेचे किंवा तोंडाच्या आतील बाजूचे जे आच्छादन असते, त्याला शास्त्रात अभिस्तर म्हणतात. आच्छादनाच्या या पेशी हाडाजवळ, इतक्या खोल, कशा आल्या? याचे उत्तर गर्भावस्थेत सापडते. गर्भाच्या तोंडातील अभिस्तर जबड्यात खाली उतरतो आणि त्यापासून दाताचा अंकुर तयार होतो. या अभिस्तराच्या पेशी प्रथम दातावरचे कठीण एनॅमल घडवितात. पुढे त्याचीच खालची कड बाहीसारखी वाढत जाते आणि मुळाला आकार देते. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये हिचे वर्णन केले, म्हणून तिला हर्टविगची बाही म्हणावयास हरकत नाही. मूळ घडू लागले की ही बाही विरत जाते. इमारत उभी राहिल्यावर परांची सोडवावी, तशी. मात्र सोडविलेल्या परांचीचे काही बांबू तेथेच राहून जातात. फ्रान्समधील लुई-शार्ल मालासे यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले की, प्रौढ माणसाच्या निरोगी दातांच्या मुळांभोवतीही अभिस्तर पेशींचे हे पुंजके असतात. मासे पकडण्याच्या जाळ्याप्रमाणे ते मुळाभोवती पसरलेले असतात. आजही ते मालासे यांच्याच नावाने ओळखले जातात.

पुष्कळ काळ त्यांची गणना अवशेषांत, किंबहुना उपद्रवी अवशेषांत होत असे. त्याला कारणही होते. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचून गाभा मृत झाला की मुळाच्या टोकाशी दाह होतो. त्या दाहाने या निद्रिस्त पेशी जाग्या होऊन वाढू लागतात आणि हाडात द्रवाची पिशवी तयार होऊ शकते. जबड्यातील अशा पिशव्यांमध्ये हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो.

परंतु जी पेशी इतक्या वर्षांनी जागी होऊन वाढू शकते, ती निव्वळ अवशेष कशी म्हणावी? २००८ मध्ये डुकराच्या दातांतून घेतलेल्या या पेशी दंतगाभ्याच्या पेशींसोबत ठेवल्या असता त्यांनी एनॅमलसदृश पदार्थ निर्माण केल्याचे जपानी संशोधकांना आढळले. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे २०१२ मध्ये मेंढीच्या अशाच पेशींपासून हाड, चरबी व कूर्चा यांच्या प्रकारच्या पेशी घडविता आल्या. २०१५ मध्ये मानवी परिदंत बंधातील अभिस्तर पेशींतही मूलपेशींचे गुण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मूलपेशी म्हणजे स्वतःसारख्या पेशी निर्माण करीत राहून, प्रसंगी निराळ्या प्रकारच्या पेशींना जन्म देऊ शकणारी पेशी.

यांचे नित्याचे काम काय असावे? २००४ मध्ये उंदरांवर झालेला एक प्रयोग येथे बोलका आहे. दाताकडे जाणारा मज्जातंतू तोडल्यावर हे पुंजके कमी झाले, फट अरुंद झाली आणि काही ठिकाणी दात हाडाशी सांधला गेला. यावरून, मूळ आणि हाड यांना परस्परांपासून दूर राखण्यात या पेशींचा वाटा असावा, असा तर्क केला जातो.

येथे मी एक सावधगिरीची सूचना देतो. प्रयोगशाळेतील पात्रात जे घडते ते रुग्णाच्या तोंडात घडेलच असे नाही. या पेशींपासून माणसाला नवा दात उगवून देणारा उपचार आज उपलब्ध नाही. तसे आश्वासन कोणी दिले तर त्यावर विसंबू नये.

तथापि या ज्ञानाचा एक उपयोग आजच करता येतो, आणि तो शाळेच्या मैदानावरच करावयाचा आहे. खेळताना एखाद्या मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर त्याच्या मुळावर परिदंत बंधाच्या जिवंत पेशी असतात. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा; मुळाला हात लावू नये, ते घासू वा पुसू नये. माती लागली असल्यास दुधाने हलकेच धुवावा आणि शक्य तर लगेच त्याच्या जागी बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावे. ते न जमल्यास दात दुधात ठेवून तत्काळ दंतवैद्याकडे न्यावे. तासभर कोरडा राहिलेल्या दातावरील बहुतेक पेशी मरतात. मग तो बसविला तरी हाडाशी सांधला जाऊन हळूहळू झिजत जातो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये, कारण खाली वाढणाऱ्या नव्या दाताला इजा होण्याचा संभव असतो.

माझी शिक्षकवर्गाला विनंती आहे की, एवढ्या सूचना एका कागदावर लिहून क्रीडासाहित्याच्या कपाटावर लावाव्यात. मुळाशी उरलेल्या पेशी वाचवावयाच्या तर पहिल्या काही मिनिटांत मुलाजवळ असणारी व्यक्तीच ते करू शकते, आणि ती बहुधा डॉक्टर नसून शिक्षक असते.