घाटवाटांसाठी जुनी आरएक्स १०० घेताना

शहापूर-मुरबाडच्या कच्च्या वाटांवर एन्ड्युरोचं काम करू शकणारी, पासिंग असलेली जुनी टू-स्ट्रोक म्हटली की पहिलं नाव यामाहा आरएक्स १००चं. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजनाला हलकी. १९८५ साली आलेली ही गाडी १९९६ला बंद झाली. म्हणजे नोंदणीची १५ वर्षं केव्हाच उलटलेली, त्यामुळे दर ५ वर्षांनी होणारं नूतनीकरण चालू आहे ना, हे आधी पाहा. आरसीवरचे इंजिन आणि चॅसीचे नंबर गाडीवर स्वतः वाचा. खाडाखोड दिसली तर व्यवहार तिथेच सोडा.

गाडी थंड असतानाच किक मारा. पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय. अॅक्सिलरेटर सोडूनही इंजिन तापतं, भणभणत राहतं, तर मॅग्नेटोच्या बाजूने हवा शिरते आहे; असं इंजिन सीझ व्हायला वेळ लागत नाही. प्लग चहासारखा तपकिरी हवा.

चढासाठी मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दात मोठं बसवा. सायलेन्सर मूळचाच ठेवा.

आणि माळशेज उतरताना एक लक्षात असू द्या: अॅक्सिलरेटर बंद असला की इंजिनला ऑइल फार कमी मिळतं. मधूनमधून थोडा पिळत राहा. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जेमतेमच, त्यात दोन्ही ब्रेक ड्रमचे. लायनर नवे घातल्याशिवाय पावसात घाटात जाऊ नका.