फेन्स अडखळतो? तेलाचा डबा बाजूला ठेवा

टेबल सॉवर फळी सरळ चिरली जाते, याचे श्रेय बहुतेक जण पात्याला देतात. खरे काम असते ते पात्याला समांतर उभ्या असलेल्या फेन्सचे. लाकूड या पट्टीला टेकवून पुढे सरकवायचे, की पाते आणि पट्टी यांच्यातील अंतराएवढी रुंद फळी निघते. प्रत्येक नव्या मापासाठी फेन्स हलवावा लागतो. तो अडखळू लागला की कारागीर त्याला थापा मारून जागेवर आणतो आणि वैतागून एखाद्या मिलिमीटरकडे काणाडोळा करतो. ही किरकोळ वाटणारी कुरकुर बोटांवर बेतू शकते.

अडखळत सरकलेला फेन्स अनेकदा किंचित तिरका बसतो. त्याचे मागचे टोक पात्याकडे झुकले असेल, तर फळी दोहोंच्या चिमटीत सापडते. पात्याच्या मागच्या बाजूचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलून कारागिराच्या दिशेने भिरकावतात. यालाच किकबॅक म्हणतात. १० इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. फळी निसटताना तिच्यावरचा हातही पात्याकडे ओढला जाण्याचा धोका असतो.

फेन्स अडतो कशाने? टेबलाचा रुंद पण आखूड खण एका कोपऱ्यातून ढकलून पाहावा. तो तिरका होतो आणि चौकटीत आवळून बसतो. फेन्सचेही तेच होते. अमेरिकेतील बिल बीसमायर यांच्या नावाने ओळखला जाणारा फेन्स इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा असून तो पुढच्या एकाच रुळावर आवळला जातो. ‘टी’चे आडवे डोके जेवढे रुंद, तेवढा तिरके होण्यास वाव कमी. म्हणून फेन्स हलवताना दूरचे टोक न ढकलता रुळाजवळचे डोकेच धरावे. पुष्कळदा तक्रार एवढ्यानेच मिटते.

तेवढ्याने भागले नाही, तर यंत्राची वायर सॉकेटमधून काढून रूळ स्वच्छ करावा. भुसा आणि लाकडातील राळ यांचा चिकट थर टर्पेंटाइनने निघतो. कोकणातील पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर गंज चढायला वेळ लागत नाही. तो बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावा. त्यानंतर मेणाचा पातळ थर द्यावा व सुकल्यावर कोरड्या फडक्याने पुसून काढावा. तेल मात्र लावू नये. त्याला भुसा चिकटतो आणि आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सिलिकॉनचा फवारा तर त्याहून वाईट, कारण तो लाकडाला लागला की पुढे त्या जागी पॉलिश नीट बसत नाही. खणाच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासणाऱ्या आपल्याकडच्या सुतारांना हे वेगळे सांगायला नको!

रूळ स्वच्छ असूनही फेन्स अडत असेल, तर डोक्याच्या आतील प्लॅस्टिकचे तुकडे झिजले आहेत का, ते पाहावे. त्यांचे स्क्रू थोडे थोडे फिरवावेत. फार सैल केले तर फेन्स लोण्यासारखा सरकेल, पण आवळल्यावर दर वेळी वेगळ्याच कोनात बसेल.

शेवटी मोजमाप. टेबलावरची खाच पात्याला समांतर आहे, याची आधी खात्री करावी. मग फेन्स आवळून खाचेपासूनचे त्याचे अंतर पुढे आणि मागे मोजावे. दोन्ही सारखे असावे. फरक पडलाच तर मागचे अंतर केसभर जास्त चालेल, कमी मुळीच नको. असा फेन्स दोन-तीनदा सरकवून, पुन्हा आवळून तेच माप येते का, ते पाहावे.

अनेक लहान कारखान्यांत हातकटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवतात आणि फेन्स म्हणून एक सरळ पट्टी दोन शिकंज्यांत आवळतात. तिथे सुरळीत सरकण्याचा प्रश्नच नसतो. पण पट्टीची दोन्ही टोके मोजण्याचे काम तिथे प्रत्येक मापाला नव्याने करावे लागते.